रेषेवर रेष : दुनहुआंग संशोधन संस्थेची वाटचाल

चिनी चित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळी शाई येते. धुक्यातले डोंगर, बांबूची चार पाने, बराचसा कोरा कागद आणि कोपऱ्यात लाल शिक्का. खुद्द चीनमध्येही कित्येक शतके उत्तम चित्र म्हणजे हेच, अशी समजूत होती. सोंग राजवटीनंतर विद्वान अधिकाऱ्यांच्या शाईचित्रांना मान मिळत गेला. भिंतींवर आणि रेशमावर खनिज रंगांचे थर देऊन बोधिसत्त्व, राजे, नर्तकी, घोडे रंगवणारा कारागीर मागे पडला. त्याचे नाव सहसा कुणी लिहून ठेवले नाही. देवळे पडली, तशी त्याची चित्रेही मातीत गेली. तांग काळातली ती भरगच्च रंगांची चित्रकला बहुतांशी जुन्या ग्रंथांतल्या वर्णनांपुरती उरली.

विसाव्या शतकात ती परत आली. चित्रशाळांत शिकवली जाऊ लागली, नव्या चित्रकारांच्या हातात उतरली, नाटकात, सिनेमात, कापडावर दिसू लागली. यामागे सर्वांत मोठा हात आहे तो गान्सू प्रांतात गोबी वाळवंटाच्या कडेला वसलेल्या एका संस्थेचा. आज तिचे नाव दुनहुआंग संशोधन संस्था. १९४४ साली ती स्थापन झाली. तिने नवी शैली काढल्याचा दावा केला नाही, जाहीरनामा लिहिला नाही. तिने आठ दशके नकला केल्या. नक्कल करणे हे दुय्यम काम, ही समजूत आपल्या कलाशिक्षणात खोल मुरलेली आहे. दुनहुआंगची कहाणी मला सांगावीशी वाटते ती त्यासाठीच. इथे नक्कल हाच अभ्यास होता, तेच जतन होते, आणि पुढची नवी चित्रेही त्याच कामातून निघाली.

दुनहुआंग शहरापासून २५ किलोमीटरवर मोगाओची लेणी आहेत. इ.स. ३६६ मध्ये लेझुन नावाच्या भिक्षूने इथे पहिले लेणे खोदले, असे परंपरा सांगते. पुढची हजारएक वर्षे खोदकाम आणि रंगकाम चालू राहिले. आज इथे ७३५ लेणी मोजली जातात. त्यांपैकी ४९२ लेण्यांत चित्रे आणि मूर्ती आहेत. रंगवलेल्या भिंतींचे क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर भरते, आणि मातीच्या रंगीत मूर्ती दोन हजारांहून अधिक आहेत. मराठी वाचकाला इथे अजिंठा आठवणार, आणि ती आठवण रास्तच आहे. अजिंठ्याच्या १७व्या लेण्यात रुरू मृगाची जातककथा आहे. मोगाओच्या २५७व्या लेण्यात तेच हरीण नऊ रंगांचे होऊन एका लांबट पट्टीत धावते. फरक खडकातच आहे. अजिंठ्याचा बेसाल्ट टणक, कोरीवकाम पेलणारा. मोगाओचा कडा गोटे आणि वाळू घट्ट बसून झालेला. त्यात बारीक कोरीवकाम होत नाही. म्हणून तिथे मूर्ती मातीच्या झाल्या, आणि भिंतींवर काड नि ताग मिसळलेल्या चिखलाचा गिलावा चढवून त्यावर सरसात कालवलेले रंग आले.

इथून जाणारी रेशीममार्गाची व्यापारी वाट ओस पडली तशी लेणी वाळूत बुजत गेली. १९०० साली वांग युआनलू या ताओपंथी साधूला १७ क्रमांकाच्या लेण्यात भिंतीआड बंद केलेले ग्रंथभांडार सापडले, आणि मग पाहुणे आले. १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन, १९०८ मध्ये पॉल पेलिओ. हजारो पोथ्या आणि रेशमी चित्रे लंडन-पॅरिसला गेली. स्टाइनच्या मोहिमेत हिंदुस्थान सरकारचाही पैसा होता, म्हणून त्यातला काही वाटा आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १९२१ मध्ये हद्द ओलांडून आलेल्या रशियन सैनिकांना या लेण्यांत ठेवले गेले. त्यांच्या चुलींची काजळी काही भिंतींवर अजून आहे. १९२४ मध्ये अमेरिकेहून आलेल्या लँग्डन वॉर्नर यांनी तर चित्रांचे तुकडेच भिंतींवरून सोलून नेले.

चिनी चित्रकारांनी मोगाओकडे मोर्चा वळवला तो यानंतर. १९४१ मध्ये झांग दाछियान इथे आले. शाईचित्रांतले मोठे नाव, जुन्या चित्रांची हुबेहूब नक्कल करण्यात हातखंडा. दोनेक वर्षे त्यांनी इथे तळ ठोकला, लेण्यांना क्रमांक घातले, आणि छिंगहाईच्या मठांतले तिबेटी भिक्षू-चित्रकार सोबत आणले. मोठे कापड ताणून त्याला अस्तर कसे द्यायचे, खनिज रंग कसे घोटायचे, हे ज्ञान चिनी चित्रशाळांतून केव्हाच गेले होते. तिबेटी मठांत ते जिवंत होते. परंपरेचा हरवलेला दुवा शेजारच्याच्या घरात सापडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. झांग यांच्या नकला १९४३ मध्ये लान्झोउला आणि १९४४ मध्ये छंगदूला मांडल्या गेल्या, आणि लोक थक्क झाले. शाईच्या देशाला आपल्याच भिंतींवरचा निळा, हिरवा आणि लाल पहिल्यांदा दिसला. खालचे जुने चित्र पाहण्यासाठी वरचे थर काढल्याचा आरोपही झांग यांच्यावर झाला आणि त्या वादाला आजही पूर्णविराम मिळालेला नाही.

पण झांग आले आणि गेले. राहिले ते छांग शूहोंग.

छांग यांचा जन्म १९०४चा, हांगझोउचा. १९२७ मध्ये ते फ्रान्सला गेले, ल्यों आणि पॅरिसमध्ये तैलचित्रकला शिकले, तिथल्या प्रदर्शनांत बक्षिसे मिळवली. १९३५ मध्ये सीन नदीकाठच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्यांच्या हाती पेलिओ यांनी छापलेला दुनहुआंगच्या छायाचित्रांचा संच लागला. मग गिमे संग्रहालयात जाऊन त्यांनी तिथून आलेली रेशमी चित्रे पाहिली. युरोपातल्या चित्रांवर जीव टाकणाऱ्या या माणसाला आपल्या देशात असे काही आहे याचा पत्ताच नव्हता. १९३६ मध्ये ते मायदेशी परतले. पाठोपाठ जपानशी युद्ध पेटले आणि दुनहुआंगला जाणे लांबणीवर पडत गेले. १९४१ मध्ये यू योउरेन या ज्येष्ठ राजकारण्याने लेणी पाहून सरकारपुढे प्रस्ताव ठेवला की इथे कलासंस्था हवी. तिची उभारणी छांग यांच्याकडे आली.

१९४३च्या फेब्रुवारीत छांग आणि आणखी पाच जण लान्झोउहून निघाले. आन्शीपर्यंत ट्रक, पुढे उंट. मार्चअखेरीस ते मोगाओला पोचले. राहायला जुन्या देवळाच्या खोल्या, निजायला मातीचे ओटे, जेवायच्या काड्या झाऊच्या फांद्या तोडून केलेल्या, आणि पाणी खारट, पोट बिघडवणारे. त्याच वर्षी झांग दाछियान मुक्काम हलवत होते. जाताना ते म्हणाले की आम्ही निघालो, तुम्हाला मात्र ही जन्मठेपच आहे. आणि सोबत त्यांनी एक नकाशा दिला : परिसरात रानअळंबी कुठे उगवतात त्याचा. छांग यांनी आठवणींत हे नमूद केले आहे. त्या वाळवंटात ताज्या भाजीचे मोल किती असेल, ते त्या नकाशावरून समजते.

पहिली कामे चित्रकाराची नव्हतीच. लेण्यांसमोर मातीची लांब भिंत घालून गुरे नि बकऱ्या अडवायच्या. लेण्यांत कमरेइतकी साचलेली वाळू उपसायची. झाडे लावायची. दारे बसवायची. १९४४ च्या सुरुवातीला ‘राष्ट्रीय दुनहुआंग कलासंस्था’ रीतसर स्थापन झाली. दोंग शीवेन, झांग लिनयिंग, ली यू, झोउ शाओमियाओ असे तरुण चित्रकार आले आणि दिवसाचा बराच भाग लेण्यांत काढू लागले.

संसाराला हे सोसले नाही. छांग यांच्या पत्नी छेन झिशिउ स्वतः शिल्पकार होत्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या. १९४५ मध्ये त्या दुनहुआंग सोडून गेल्या. त्यांना दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. अशा जागी मुले घेऊन राहणे ही साधी मागणी नव्हती. चौदा वर्षांच्या मुलीने, छांग शानाने, धाकट्या भावाची आणि घराची जबाबदारी घेतली, आणि उरलेल्या वेळात ती लेण्यांत बसून चित्रे उतरवू लागली. पुढे तिचे काय झाले ते येईलच.

१९४५ मध्येच दुसरा घाव बसला. पैसा नाही म्हणून सरकारने संस्थाच बंद केली. छांग मुलांना घेऊन तेव्हाच्या राजधानीकडे, छोंगछिंगला निघाले, संस्था वाचवण्यासाठी दारोदार फिरले. याच सुमारास दुआन वेनजिए नावाचा तरुण उलट दिशेने येत होता. छोंगछिंगमध्ये झांग दाछियान यांचे प्रदर्शन पाहून त्याने दुनहुआंगचा ध्यास घेतला होता, चित्रशाळेचे शिक्षण संपताच तो निघाला. लान्झोउत त्याची छांग यांच्याशी गाठ पडली आणि कळले की जिथे जायचे ती संस्था राहिलेलीच नाही. छांग म्हणाले, मी परत येईन. दुआन तिथेच थांबला, मिळेल ते काम करत. चीनच्या केंद्रीय विद्या अकादमीने संस्था आपल्या पंखाखाली घेतली आणि १९४६ मध्ये छांग खरोखर परत आले. या खेपेला सोबत एक ट्रक होता आणि चित्रकारांची नवी तुकडी होती. दुआन त्यांच्याबरोबर मोगाओला गेला. त्याच सुमारास ली छंगशिएन ही चित्रकारही आली; पुढे छांग यांच्याशी तिचा विवाह झाला. शी वेइशियांग, ओउयांग लिन, आणि १९५२ मध्ये ली छिछ्योंग. सिच्वानकडून आलेली ही मंडळी म्हणजे संस्थेचा खरा कणा.

नक्कल म्हणजे नेमके काय करायचे, हे याच काळात ठरले. पूर्वीचे लोक पातळ कागद भिंतीवर टेकवून, टाचण्या मारून खालची रेष छापून घेत. संस्थेने त्याला बंदी घातली. भिंतीला हात लावायचा नाही, समोर बसून डोळ्यांनी मोजायचे आणि हाताने उतरवायचे. उजेड ही मोठी अडचण होती. तोंडाशी आरसा ठेवून बाहेरचे ऊन आत फेकायचे, ते पांढऱ्या कागदावर पाडायचे आणि त्या परतलेल्या मऊ उजेडात काम करायचे. सूर्य सरकला की आरसा सरकवायचा. खोल लेण्यांत तेवढेही पोचत नसे, तिथे दिवा. रंग महाग, म्हणून आसपासची लाल नि पिवळी माती आणून धुऊन, वाटून, सरस घालून रंग करायचे. नदीकाठी पुराबरोबर बसलेल्या बारीक मातीचा अस्तरासाठी उपयोग व्हायचा. जुन्या कारागिरांनीही बहुधा असेच केले असणार, आणि हाताने ते पुन्हा केल्यावर चित्रकारांना भिंत वेगळी दिसू लागली.

दुआन वेनजिए यांनी रेषेचा क्रम शोधला. चित्राच्या बुडाशी आधी एक कच्चा आराखडा असतो, हलक्या हाताने ओढलेला. त्यावर रंग चढतो आणि तो बुजतो. मग पक्की रेष येते, आकार बांधणारी. आणि सर्वांत शेवटी, चेहऱ्यात, पापणीच्या कडेला, ओठांच्या फटीत, बोटांच्या टोकाशी एखादी रेष अशी पडते की चित्र श्वास घेऊ लागते. नवख्याला महिनोन्महिने हीच रेष घोटायला लावत. एका श्वासात, कोपर न टेकवता. चुकली तर पुन्हा.

रंगांचा प्रश्न रेषेहून अवघड होता. उत्तर वेइ काळातल्या लेण्यांत आज अंगे काळपट-राखी दिसतात, आणि नाकाचा दांडा नि डोळे तेवढे पांढरे चमकतात. पाहणाऱ्याला वाटते, हा काही रांगडा आदिम आविष्कार आहे. तसे ते नव्हतेच. मूळ अंगकांती गुलाबी-केशरी होती, गोलाई दाखवण्यासाठी कडेने गडद छटा दिलेली. उजेड-सावलीने उठाव आणायची ही रीत भारतातून मध्य आशियामार्गे तिकडे गेली. अजिंठ्याच्या पद्मपाणीच्या चेहऱ्यावर ती पाहता येते. त्या मिश्रणातला शेंदूर नि शिसे असलेले इतर रंग काळाच्या ओघात काळे पडले. वर दिलेला पांढरा टिकला. मग नक्कल कशाची करायची? आज दिसते त्याची, की चित्रकाराने रंगवले त्याची?

झांग दाछियान यांचे उत्तर सरळ होते. नव्या नवरीसारखे लखलखीत चित्र पुन्हा उभे करायचे. संस्थेने तीन वाटा ठरवल्या. एक, आजची स्थिती जशीच्या तशी : डाग, भेगा, उडालेले पोपडे, सगळे. दोन, रंग जुनेच ठेवून फक्त तुटलेले आकार जोडायचे, तेही पुरावा असेल तिथेच. तीन, मूळ रूप अभ्यासाने परत बांधायचे. पहिल्या वाटेला संयम लागतो. तिसरीला विद्वत्ता लागते, आणि आपली कल्पना आवरायला त्याहून जास्त काही. माझ्या मते संस्थेचे थोरपण या शिस्तीत आहे. सुंदर दिसावे म्हणून रंग भरणे सोपे होते.

तिसऱ्या वाटेवरचे सर्वांत गाजलेले काम दुआन यांचे. १३०व्या लेण्यात २६ मीटर उंच बुद्ध आहे. तिथल्या प्रवेशमार्गाच्या भिंतीवर आठव्या शतकात एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पत्नीचे, वांग घराण्यातल्या बाईंचे, पूजेला आलेले चित्र काढले होते. बाई, दोन मुली, मागे नऊ दासी. वरचा नंतरचा थर पडला तेव्हा हे उघडे झाले आणि वारा-उन्हाने भराभर विरू लागले. दुआन समोर बसले तेव्हाच कित्येक ठिकाणी नुसता डाग उरला होता. त्यांनी त्याच काळातल्या इतर लेण्यांतल्या स्त्रिया हुडकल्या : अंबाडा कसा बांधला आहे, शालीची घडी कुठून कुठे जाते, गालांवरची लाली कशी पसरते. तांग काळाच्या पोशाखावरचे जुने ग्रंथ वाचले. ज्या चेहऱ्याची रेष भिंतीवर नव्हती, तिच्यासाठी समकालीन चेहऱ्याचा आधार घेतला. १९५५ मध्ये नक्कल पुरी झाली. भरदार बांध्याच्या, फुलांनी मढलेल्या, छाया धरलेल्या झाडांखालून संथ चालणाऱ्या त्या बाया तिच्यात आहेत. मूळ भिंतीवर आज त्या ओळखूही येत नाहीत. तांग स्त्रीचे ते रूप जगाला ठाऊक आहे ते या नकलेमुळे.

नकलांची प्रदर्शने १९४८ मध्ये नानजिंग नि शांघायला, १९५१ मध्ये पेइचिंगच्या राजवाड्याच्या दक्षिण दरवाज्यावर, १९५८ मध्ये टोकियोत झाली. प्रत्येक प्रदर्शनाने नवे शिष्य दिले. १९५१ च्या शरदात छांग शूहोंग चिनी सांस्कृतिक शिष्टमंडळातून भारतातही आले, आणि त्या दौऱ्यात शिष्टमंडळाने अजिंठा पाहिला. झांग दाछियान तर वर्षभर आधीच येऊन गेले होते. अजिंठ्यात मुक्काम करून त्यांनी चित्रे अभ्यासली, दुनहुआंगशी ताडून पाहिली, आणि मोगाओची चित्रकला ही भारताची उसनवारी नसून चिनी हाताची आहे, या निष्कर्षाला आले. त्यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. कथा नि छटा इकडून गेल्या, रेष तिकडचीच.

या काळात नकलांतून नवे काय निघाले? दोंग शीवेन यांनी १९५३ मध्ये रंगवलेले प्रजासत्ताकाच्या स्थापना-समारंभाचे प्रचंड तैलचित्र पाहा. सपाट उजळ रंग, लाल खांब, गालिच्याची नक्षी, सावल्यांचा अभाव. तेलाच्या रंगात दुनहुआंगची भिंत बोलते आहे. पान जिएझी १९४५ मध्ये मोगाओला येऊन गेले होते. त्यांनी १९५४ मध्ये बारीक रेष नि जाड खनिज रंग वापरून, लेण्यात पराती नि कुंचले घेऊन बसलेल्या त्या अनाम कारागिरांचेच चित्र काढले. मला ते चित्र या साऱ्या पुनरुज्जीवनातले सर्वांत हृद्य वाटते. ज्यांचे नाव कुणी लिहिले नाही, त्यांना त्यांच्याच शैलीत चेहरे मिळाले. आणि छांग शाना? अमेरिकेत शिकून १९५० मध्ये परतल्यावर वास्तुविद लिन हुइयिन यांनी तिला हाताखाली घेतले. १९५२ च्या पेइचिंगमधल्या शांतता परिषदेसाठी तिने दुनहुआंगच्या छतांवरच्या नक्षीत कबुतरे गुंफून रेशमी रुमाल रेखले. १९५८ मध्ये जनतेच्या महासभागृहातल्या मेजवानी दालनाचे छत तिने तांग काळच्या फुलाच्या आधाराने आखले. त्या पाकळ्यांत दिवे आणि हवेची तोंडे बसवली. पुढे ती केंद्रीय कला-अभिकल्प संस्थेची प्रमुख झाली.

मोगाओत मात्र दिवस वाईट येत होते. १९५० नंतर संस्थेचे नाव बदलले, कारभार नव्या सरकारकडे गेला, १९६३ ते १९६६ मध्ये ढासळणारा कडा दगडी भिंतींनी सावरला गेला. हे काम झाले नसते तर पुढचे काहीच झाले नसते. पण १९५७ पासूनच्या राजकीय मोहिमांत दुआन यांच्यावर संशय आला, आणि सांस्कृतिक क्रांतीत छांग नि दुआन दोघांचाही छळ झाला. दुआन यांना खेड्यात डुकरे पाळायला धाडले. लेणी वाचली, कारण त्यांना हात लावू नये असा आदेश पंतप्रधान झोउ एनलाइ यांच्याकडून आला होता. भिंतींना अभय मिळाले. त्यांची नक्कल करणाऱ्या हातांना ते मिळाले नाही.

१९७९ मध्ये लेणी लोकांसाठी उघडली. त्याच वर्षी गान्सूच्या नृत्यमंडळीने रेशीममार्गावरचे एक नृत्यनाट्य रंगमंचावर आणले. ११२व्या लेण्यातली, वीणेसारखे वाद्य पाठीमागे धरून वाजवणारी नर्तकी त्यात जिवंत झाली. १९८१ मध्ये शांघायच्या स्टुडिओने नऊ रंगांच्या हरणावर चलच्चित्रपट काढला. चीनची एक अख्खी पिढी तो पाहत वाढली. १९८४ मध्ये संस्थेला आजचे मोठे रूप आणि नाव मिळाले, आणि संचालक झाले दुआन वेनजिए. लान्झोउत वाट पाहत थांबलेला तो तरुण. १९८७ मध्ये मोगाओ जागतिक वारसा यादीत गेले. अजिंठा चार वर्षे आधीच तिथे होता.

यानंतर जपानशी नाते जुळले. चित्रकार हिरायामा इकुओ यांनी १९८९ मध्ये आपल्या चित्रप्रदर्शनातून उभे राहिलेले २० कोटी येन संस्थेला दिले. दुनहुआंगचे चित्रकार टोकियोच्या कलाविद्यापीठात शिकायला गेले. खनिज रंगांचे दळण, कणांच्या जाडीनुसार त्यांची प्रतवारी, सरसाचे प्रमाण हे शास्त्र जपानने टिकवले होते, आणि त्याचे मूळ तांग चीनमध्येच होते. एकदा तिबेटी मठांतून, एकदा टोकियोतून, अशी ही विद्या दोनदा घरी परतली. नव्वदच्या दशकानंतर चीनमध्ये खनिज रंगांच्या चित्रकारांची फळीच उभी राहिली.

१९९८ मध्ये फान जिनशी संचालक झाल्या. त्या पुराविद, १९६३ पासून इथे. पती वूहानला आणि त्या वाळवंटात, अशी १९ वर्षे काढलेल्या. त्यांच्या कारकिर्दीत भर जतनावर आला. अमेरिकेच्या गेटी संस्थेबरोबर ८५व्या लेण्यातले काम १९९७ ते २०१० चालले. भिंतीतून वर येणारे क्षार गिलावा कसा फुगवतात, याचा तिथे कसून अभ्यास झाला. प्रवाशांच्या श्वासाने लेण्यांतली हवा दमट होते, म्हणून २०१४ मध्ये दूरवर अभ्यागत केंद्र बांधले. आधी तिथे दोन चित्रपट पाहायचे, मग मोजकी लेणी, ठरलेल्या वेळेत. भिंती अंकीय छायाचित्रांत उतरवल्या गेल्या आणि २०१६ मध्ये ३० लेणी इंटरनेटवर सर्वांसाठी खुली झाली.

इतकी बारीक छायाचित्रे हाताशी आल्यावर हाताने नक्कल कशाला, हा प्रश्न येतोच. याबाबतीत अजिंठ्याचा अनुभव ध्यानात घ्यावा. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या अनेक गेल्या. त्या आगींचे दुःख आहेच. पण ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थीही हंगामापुरते येत, काम संपले की जात. लेण्यांपाशी राहून, भिंतीला रोज भेटून, पुढच्या पिढीच्या हातात रेष देणारी चित्रकारांची संस्था अजिंठ्याला लाभली नाही. लेण्यांजवळच्या फर्दापूरला अशी एक राहती चित्रशाळा असती, तर आपल्या कलाशाळांतल्या मुलांना पद्मपाणीची भुवई पुस्तकातून शिकावी लागली नसती. ती अजूनही उभी राहू शकते. अजिंठ्याच्या भिंतींवर अभ्यासण्याजोगे पुष्कळ शिल्लक आहे.

दुनहुआंगच्या ललितकला विभागात आज आराखड्यासाठी छायाचित्राचा ठसा वापरतात, कारण मोजमाप अचूक मिळते. मग चित्रकार तो घेऊन लेण्यात जातो आणि भिंतीशी ताडत प्रत्येक रेष तपासतो. काळा पडलेला पट्टा ही सावली आहे, की मळ, की बदललेला शेंदूर? वरची रेष मूळची, की नंतरच्या कुणी गिरवलेली? छायाचित्रात हे सगळे सारखेच काळे असते. कुंचला टेकवण्याआधी मात्र ठरवावेच लागते. अशा निवाड्यांतून अख्खी लेणी खऱ्या मापात उभी राहतात. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला २७५, २८५ आणि ३२० या लेण्यांच्या हाताने रंगवलेल्या प्रतिकृती मांडल्या, आणि लोक रांगा लावून आत गेले. गान्सूतल्या मायजीशान, बिंगलिंग, यूलिन यांसह एकूण सहा लेणीसमूह आता याच संस्थेच्या देखरेखीखाली आहेत, आणि प्रत्येक ठिकाणची भिंत वेगळी, गिलावा वेगळा, रेषही वेगळी.